ब्लूज, ब्लूग्रास, मांडो आणि भजन: सगळ्याला एकच अकूस्टिक गिटार घ्यायची तर कशी निवडायची

माझा भाचा नंदगडला असतो, खानापूरच्या पुढं. मागच्या एप्रिलात त्याचा फोन, "मामा, गिटार घ्याची हाय, पंचवीस हजार जमलेत, कुठली घेऊ सांगा की." मी म्हटलं आधी वाजवणार काय ते सांग. तर म्हणाला, "सगळंच. अंगठ्यानं बेस मारत वाजवतात ते जुनं ब्लूज शिकूलोय, ब्लूग्रासचं फास्ट पिकिंग आवडतंय, एकादशीला मंडळात भजनाला घेऊन बसायचं हाय, आणि ख्रिसमसला मित्राच्या घरात मांडो म्हणतात तिथं पण वाजवाय पायजे."

मांडो म्हणजे गोव्याचं कोकणी गाणं, आणि ब्लूज-ब्लूग्रास हे अमेरिकन लोकसंगीताचे प्रकार. असा फोन मला वर्षातनं चार-पाच येतात. बेळगावला एका बाजूनं गोवा, एका बाजूनं धारवाड, वर कोल्हापूर-मिरज, त्यामुळं इथल्या पोरांच्या कानात एकाच वेळी चार तऱ्हेचं संगीत असतं आणि त्यांना ते सगळं एकाच गिटारीवर पायजे असतं. ते होतं सुद्धा. पण दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेट किती, दुसरा ब्रँड कुठला, तिसरा कलर कुठला, आणि तुमचा उजवा हात तारांवर काय करतो हे कोणीच विचारत नाही. माझं मत ठाम आहे, गिटार उजव्या हातावरनं निवडायची. त्यावरनं बॉडी आणि नेक (दांडा) ठरवायचं, मग लाकूड, मग सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं), आणि ब्रँड एकदम शेवटी.

आधी आठ दिवस वहीत लिहा

कुणाची तरी जुनी गिटार मागून आणा, कसली का असेना. आठ दिवस रोज वाजवून झालं की वहीत दोन ओळी लिहायच्या: किती वेळ बोटांनी वाजवलं, किती वेळ पिकनं, किती वेळ नुसतं स्ट्रमिंग करत गायलं, स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) घातली का, आणि कुठं बसून वाजवलं, घरात एकटं की ढोलकी-टाळ-पेटीबरोबर. आवडतं काय ते लिहायचं नाही, हातानं खरंच काय केलं ते लिहायचं. भाचा मला फोनवर ब्लूग्रास ब्लूग्रास करत होता आणि वहीत बघितलं तर आठातले सहा दिवस बोटांनीच वाजवलेलं, पिक दोनच दिवस हातात घेतलेलं. हे कळलं तिथं अर्धी निवड झाली.

कारण असं आहे. जुनं कंट्री ब्लूज आणि रॅगटाइम ह्यात अंगठा खालचा बेस ठोक्यावर चालवत असतो आणि बाकीची बोटं वरती चाल वाजवतात, म्हणजे एकाच हातात तबला आणि पेटी दोन्ही. त्याला तारा एकमेकीपासून जरा लांब पायजेत आणि आवाज चटकन विरणारा पायजे, नाहीतर बेसची गुंज वरच्या चालीवर चढते. जुन्या ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनचा स्टुडिओतला प्रसिद्ध फोटो बघा, हातात गिब्सनची छोटी एल-१ आहे. उलट ब्लूग्रासमध्ये बॅन्जो, मॅन्डोलिन, फिडल असल्या मोठ्या आवाजाच्या वाद्यांत गिटारनं बेसच्या रन्स मारत ताल धरायचा असतो, तिथं जाड पिक, जाड तारा आणि मोठी बॉडी. कार्टर फॅमिली ह्या जुन्या अमेरिकन गायक मंडळीतल्या मेबेल कार्टरची पद्धत ह्या दोन्हीच्या मधली, अंगठ्यानं खालच्या तारांवर चाल आणि बोटानं वरती कॉर्ड, आणि त्या १९२८ पासून गिब्सन एल-५ वाजवायच्या जी खरं तर व्हायोलिनसारखी उभार पोटाची आर्चटॉप, आज लोक जॅझची म्हणून ओळखतात. आयरिश किंवा सेल्टिक वाजवायचं तर उघड्या तारा घुमत राहायला पायजेत. मांडोला गिटार व्हायोलिन आणि घुमट ह्या मातीच्या तालवाद्याबरोबर बसते, गाणं संथ आणि भावाचं, त्यामुळं मऊ, गोल कॉर्ड लागतात, कडक वाजलेली गिटार तिथं कानाला टोचते. आणि भजनाला? त्याचं खाली सविस्तर लिहितो कारण तिथं सगळ्यांचंच चुकतं.

एक अपवाद सांगून ठेवतो म्हणजे कोणी हे नियम म्हणून डोक्यात घेणार नाही. रेव्हरंड गॅरी डेव्हिस, रॅगटाइम ब्लूजचे एकदम वरच्या दर्जाचे वादक, ते भल्यामोठ्या गिब्सन जे-२०० वर बोटांनी वाजवायचे. हात तयार असला की खोकं मागं राहतं. पण आपण शिकतोय तोवर खोक्यानं हाताला मदत केलेली बरी.

बॉडी: मधली घ्या

दुकानात भिंतीवर दहातल्या सात गिटारी ड्रेडनॉट असतात, रुंद खांद्याची, कंबर कमी असलेली. हा आकार मार्टिन कंपनीनं १९१६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीसाठी काढला, स्वतःच्या नावानं १९३१ पासून विकायला लागले, आणि नाव त्या काळच्या इंग्रजी युद्धनौकेवरनं आलंय. खालचा फुगवटा साधारण १५.६ इंच, खोली जवळजवळ पाच इंच. बेस दणदणीत. पिकनं वाजवणाऱ्याला, उभं राहून गाणाऱ्याला मस्त. पण मांडी घालून सतरंजीवर बसून वाजवायचं म्हटलं की काखेत घागर धरल्यासारखं होतं, खांदा वर जातो आणि अर्ध्या तासात पाठ धरते, आणि आपल्याकडं भजनाला खुर्ची कोण देतंय.

दुसऱ्या टोकाला पार्लर, खालची रुंदी साडेतेरा इंचाच्या आत. ब्लूजला गोड, प्रवासाला सोपी, पण टाळ सुरू झाले की ऐकूच येत नाही. जम्बो १७ इंचाची, ती ह्या कामाला मी सुचवणार नाही.

मधी आहेत डबल-ओ, ट्रिपल-ओ आणि ओएम, ही मार्टिनच्या आकारांची नावं. डबल-ओ साधारण सव्वाचौदा इंच, ट्रिपल-ओ आणि ओएम १५ इंच, पण खोली चार इंचापेक्षा थोडीच जास्त आणि कंबर बारीक, त्यामुळं मांडीवर नीट बसते. ओएमची गोष्ट इथं खरंच उपयोगाची आहे. १९२९ च्या सुमाराला पेरी बेक्टेल नावाचा बॅन्जोवाला मार्टिनकडं गेला, त्याला बॅन्जोसारखी लांब मोकळी नेक असलेली गिटार पायजे होती, त्यातनं १४ फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बॉडीच्या बाहेर असलेली ओएम आली. म्हणजे मुळातच एका वाद्याचा हात दुसऱ्या वाद्यावर चालावा म्हणून काढलेला आकार. बोटांनी वाजवा, पिकनं वाजवा, स्ट्रम करा, कुठंच अडत नाही. ब्लूग्रासच्या जोरात ड्रेडनॉटएवढा बेस देणार नाही, तेवढं सोडायचं. चार शैलींसाठी एकच गिटार असेल तर माझं उत्तर ओएम किंवा ट्रिपल-ओ. वहीत बहुतेक दिवस पिक आणि स्ट्रमिंग निघालं तरच ड्रेडनॉट.

काही कंपन्या हे आकार वेगळ्या नावानं विकतात, कॉन्सर्ट, ग्रँड कॉन्सर्ट, ऑडिटोरियम वगैरे. नावावर जाऊ नका, शिंप्याचा टेप घेऊन जा आणि खालचा सगळ्यात रुंद भाग मोजा.

नेक: दीड मिलीमीटरचा प्रश्न

नट म्हणजे तारा जिथं डोक्याकडं वळतात ती पांढरी पट्टी. तिची रुंदी बहुतेक स्वस्त गिटारींत ४३ मिलीमीटर, आणि बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी केलेल्यांत ४४.५. दीड मिलीमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं, आणि मोजायला गेलं तर प्रत्येक दोन तारांत केसाएवढाच फरक पडतो. पण पहिल्या पोझिशनला सी कॉर्ड धरून वरची तार मोकळी वाजवून बघा, ४३ वर जाड बोटाचा मांसल भाग शेजारच्या तारेला लागून ती मरते, ४४.५ वर वाजते. आमच्या वडगावात मागावर काम करणारी पोरं येतात माझ्याकडं, बोटं रुंद, टोकं कडक, त्यांना तर हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. क्लासिकल नायलॉन गिटार ५२ मिलीमीटर असते, ती फार रुंद, अंगठा वरनं आणून बेसची तार दाबणं जे ब्लूजमध्ये सारखं लागतं ते तिथं जमत नाही.

दुसरं स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी. गिटारीच्या पोटावर तारा अडकवायचा लाकडी ठोकळा तो ब्रिज, आणि त्यावर तारा टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल. २५.४ इंच लांब, २४.९ आखूड. आखूड स्केलवर त्याच तारा साधारण चार टक्के कमी ताणाच्या लागतात, बोटाला मऊ, ब्लूजचे बेंड आणि आपल्याकडची मींड काढायला सोप्या. पण तारा खाली उतरवून वाजवायचं असेल, आणि भजनाला ते करावंच लागणार आहे, तर लांब स्केलवर उतरवलेली तार लुळी पडत नाही. म्हणून मी लांब सुचवतो.

लाकूड आणि आपली हवा

लाकडावर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. आवाज मुख्य करून वरच्या फळीतनं येतो, जिला टॉप म्हणतात. टॉप सॉलिड म्हणजे एकसंध फळी, की लॅमिनेट म्हणजे प्लायसारखी थर चिकटवलेली, हा पहिला प्रश्न. ओळखायचं कसं तर साउंडहोलच्या कडेला मोबाईलचा टॉर्च मारा, वरच्या उभ्या रेषा कडेवरनं खाली तशाच उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, मधी आडवे थर दिसले तर लॅमिनेट. काही ठिकाणी कडेला काळा रंग फासलेला असतो मग दिसत नाही, तिथं मॉडेलचा नंबर कंपनीच्या साइटवर बघायचा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर वीस हजार देऊ नका. यामाहाच्या एफजी८०० आणि एफएस८०० ह्या सॉलिड स्प्रूस टॉपच्या, आणि एफ३१० लॅमिनेट, हे उदाहरण म्हणून सांगतोय.

स्प्रूस सगळ्याला चालतं, पिकचा मार सोसतं. सीडर हलक्या बोटाला लगेच बोलतं पण जोरात वाजवलं की आवाज दबतो. पाठ आणि बाजू महोगनीच्या असल्या तर आवाज सुका, मोकळा, तारा सुट्या ऐकू येतात, ब्लूज आणि जुन्या गाण्यांना हे बेस्ट. रोजवूडला खाली घुमारा आणि वरती चमक, सेल्टिक आणि संथ गाण्यांना छान.

रोजवूड म्हणजे आपलं शिसवी हो. ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवायचं बंद केल्यावर १९६९ पासून मार्टिननं भारतीय रोजवूड वापरायला सुरुवात केली, आणि ते झाड पश्चिम घाटातलं, आपल्या खानापूर-दांडेलीच्या रानात आहे ते. माझ्या आजोळी शिसवी पाट होता, भिंतीला टेकवून बोटाच्या पेरानं वाजवला की सागाच्या पाटासारखा ठप्प नाही तर टण्ण असा वाजायचा आणि वाजत राहायचा. दुकानात गिटारीच्या पाठीवर तसंच पेर वाजवून बघा, कान तयार होतो. फक्त स्वस्त गिटारीवर रोजवूड लिहिलेलं असलं तरी पाठ बहुतेक लॅमिनेटच असते, आणि पंचवीस हजाराच्या आत त्याला माझी काही हरकत नाही. उलट आपल्या हवेत लॅमिनेट पाठ-बाजू आणि सॉलिड टॉप हेच जोडकाम टिकतं.

हवेचं मुद्दाम सांगतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या, खानापूर-जांबोटीकडं तर कपडे वाळत नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चात तीच हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसात टॉप ओल पिऊन पोट काढतो, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जड. उन्हाळ्यात टॉप बसतो, तारा फ्रेटला घासून बज करतात, आणि सॉलिड टॉप असेल तर चिरायची भीती. शिवाय लाइट सेटच्या सहा तारा मिळून साधारण ७० ते ७५ किलोची ओढ लावतात, म्हणजे दीड पोतं तांदूळ त्या ब्रिजला रात्रंदिवस ओढतंय. ओलीनं गोंद मऊ झाला की काय होतं ते मी माझ्या पहिल्या गिटारीवर बघितलंय. काळी चकचकीत ड्रेडनॉट होती, घेतली तेव्हाच तारा उंच होत्या, दुकानदार म्हणाले वाजवून वाजवून बसतील, आणि जुलैत ब्रिजच्या मागं लग्नपत्रिकेचा कागद सरकायला लागला. परत घेऊन गेलो तर "पावसात असंच होतंय" म्हणून हात वर केले. तीन महिन्यांची गिटार. तारा वाजवून बसत नाहीत, हे तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

दुकानात: वीस मिनिटं, ह्याच क्रमानं

बेळगावात खडेबाजार, मारुती गल्लीच्या बाजूला दुकानं आहेत, पण ओएम बॉडीची चार मॉडेल शेजारी-शेजारी ठेवून वाजवायची तर हुबळी, कोल्हापूर नाहीतर चोर्ला उतरून गोवा बघावं लागतं. तिन्हीकडं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पावसाळ्याआधी जा, किंवा दिवाळीनंतर. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पोचा, गर्दी-हॉर्नच्या आवाजात गिटार निवडता येत नाही. बरोबर न्यायचं: स्टीलची पट्टी, शिंप्याचा टेप, कागदाचा तुकडा, मोबाईलवर ट्यूनर, तुमचं पिक, आणि जमलं तर वाजवणारा एक मित्र.

गिटार हातात आली की आधी ट्यून करा, खुंट्या गुळगुळीत फिरतात का, सोडल्यावर मागं सरकतात का ते इथंच कळतं. मग डोक्याकडनं एक डोळा मिटून नेकच्या कडेवरनं बघा, सुतार फळी बघतो तसं. अगदी किंचित आत वाकलेली चालते, पिळा असेल तर तिथंच ठेवून द्या. पहिल्या आणि १४व्या फ्रेटला जाड तार एकाच वेळी दाबून धरा, मधी सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट ह्यात कागद सरकेल एवढी फट पायजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) फिरवून कमी करता येते, पण ट्रस रॉड आहे आणि फिरतो हे दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.

आता १२वा फ्रेट. पट्टी फ्रेटच्या डोक्यावर उभी ठेवून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. शाळेची प्लास्टिकची पट्टी नको, तिचा शून्य कडेपासून आत असतो आणि सगळं माप चुकतं. जाड तारेला २ ते अडीच मिलीमीटर, बारीक तारेला दीड ते २. तीनच्या वर असेल तर सॅडल घासून कमी करायचं, पण सॅडल ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे ते बघा, आधीच जेमतेम वर असेल तर घासायला जागाच नाही आणि ती गिटार आयुष्यभर जड राहणार. ब्रिजच्या मागच्या कडेला कागद घालून बघा, आत गेला की नको.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला एकेकदा वाजवा. कंटाळा येतो, तरी वाजवा. आपल्या तंबोऱ्याला जवारी काढतात, मिरजेचे कारागीर ब्रिज घासून घासून ती झंकार मुद्दाम आणतात, पण गिटारीत तसली झण्ण एखाद्याच फ्रेटला आली तर तो दोष, फ्रेट उंच-सखल आहे. मी भाच्याबरोबर गोव्यात गेलो तेव्हा एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी होत्या, एकीला सातव्या फ्रेटवर झण्ण, दुसरी स्वच्छ. म्हणूनच मी ब्रँड आणि मॉडेल सांगत बसत नाही, पायजे ती एक गिटार निवडायची असते. १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच आला पायजे, नाहीतर वर गेलं की बेसूर.

एवढं झालं की संगीत. सी कॉर्ड धरून फक्त अंगठ्यानं पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा बेस हळू चालवा आणि वरती एकेक सूर काढा. बेस आणि वरचा सूर दोन वेगळ्या माणसांसारखे ऐकू आले तर ब्लूजला पास. मग जाड पिक घेऊन जी कॉर्ड जोरात, अजून जोरात. एका हद्दीनंतर स्वस्त टॉप फाटल्यासारखा वाजतो, ती हद्द कुठं येते ते ऐका. मग तुमच्या नेहमीच्या पट्टीत एक अभंग नाहीतर जे गाता ते गुणगुणत वाजवा, गिटार तुमच्या गळ्यावर बसते की खाली राहते ते दुसऱ्या कशानंच कळत नाही. शेवटी मित्राला वाजवायला देऊन तुम्ही चार पावलं समोर उभं राहा, कारण वाजवणाऱ्याला ऐकू येतं ते आणि समोर बसलेल्यांना येतं ते वेगळं.

पैसे कुठं घालायचे

पंचवीस हजार असले तर सगळे गिटारीत घालू नका. वीस-एकवीसपर्यंत गिटार, बाकीत सेटअप, तारांचे दोन सेट, कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) आणि कडक किंवा जाड फोमची केस. ह्या किमतीत पिकअप (आवाज स्पीकरला देणारा) लावून आलेली गिटार आणि बिनपिकअपची गिटार सारख्याच भावात असेल तर बिनपिकअपची घ्या, कारण तेवढे पैसे टॉपवर गेलेले असतात. गणपतीत माइकवर वाजवायचं झालं तर साउंडहोलला लावायचा पिकअप नंतर मिळतो. दहा हजाराच्या आत बजेट असेल तर सॉलिड टॉपचा नाद सोडा, चांगली लॅमिनेट घेऊन सेटअप नीट करून घ्या. नीट सेटअप केलेली साधी गिटार ही वाईट सेटअपच्या महागड्या गिटारीपेक्षा रोज हातात येते.

जुनी घ्यायला हरकत नाही. मे-जूनमध्ये हॉस्टेल सोडणारी पोरं आणि कॅम्पातनं बदली होणारी मिलिटरीतली माणसं गिटारी विकतात, चांगल्या असतात बऱ्याच. सगळ्या तपासण्या वरच्याच, फक्त आत आरसा आणि टॉर्च घालून टॉपला आतनं आधार देणाऱ्या काड्या सुटल्यात का बघा आणि पेरानं टॉप ठोकत जा, कुठं खुळखुळ आली तर आतली काडी सुटलीय.

एकाच गिटारीवर चार घरं

तारांनी बरंच काम होतं. लाइट, म्हणजे .०१२ ते .०५३ इंच जाडीच्या, फॉस्फर ब्रॉन्झ, ह्यानं सुरुवात करा. बोटं कोवळी असतील तर .०११ चा सेट. ब्लूग्रासवाले .०१३ लावतात, ते ओएमवर लावायचं असेल तर आधी कंपनीनं परवानगी दिलीय का बघा.

आता भजन. आपल्या पोरांचं काय होतं, भजनात जाऊन जी-सी-डी कॉर्ड स्ट्रम करतात, आणि बुवा कोमल गंधार घेतायत तिथं ह्यांच्या कॉर्डमधला शुद्ध गंधार जाऊन आदळतो, बुवा मागं वळून बघतात आणि पुढच्या एकादशीला पोरगं येत नाही. त्याला उपाय सेल्टिकवाल्यांकडं आहे. डेव्ही ग्रॅहम ह्या इंग्रजी वादकानं साठच्या दशकात डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग पुढं आणलं. डी ला सा धरला तर हे काय झालं? सा प सा म प सा. गंधारच नाही! म्हणजे बुवा काफी घेऊ देत, भैरवी घेऊ देत, खमाज घेऊ देत, उघड्या तारा कुठं अडत नाहीत, तंबोऱ्यासारख्या खाली वाजत राहतात. भूपात मध्यम नको असतो तर तिसरी तार जी वरनं एफ शार्पवर उतरवा, सा प सा ग प सा. हेच ट्यूनिंग अमेरिकन ब्लूजवाले ओपन डी म्हणतात आणि त्यावर स्लाइड वाजवतात. मालकंसात पंचम चालत नाही, तंबोरा मध्यमावर लावतात तसं दोन्ही ए च्या तारा जी वर उतरवायच्या, दुसरी तार जरा ढिली पडते पण चालते. पट्टी काळी दोन असेल तर पहिल्या फ्रेटला कॅपो, पांढरी चार असेल तर तिसऱ्या. काळी एक असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली. लांब स्केल का सांगितली ते इथं कामाला येतं.

मांडोला साधं ट्यूनिंग, बोटांच्या मांसल भागानं, साउंडहोलच्या वरच्या बाजूला नेकजवळ वाजवा, तिथं आवाज गोल येतो. तोच हात ब्रिजकडं सरकवून नखानं वाजवला की ब्लूजचा धारदार आवाज. एकाच गिटारीत चार इंचाच्या अंतरात दोन वाद्यं आहेत.

स्लाइड मात्र ह्याच गिटारीवर करू नका. स्लाइडला तारा उंच पायजेत, तीन मिलीमीटरच्या आसपास, आणि जाड, म्हणजे बोटांनी वाजवायला केलेल्या सेटअपच्या बरोबर उलट. घरात पडलेली जुनी लॅमिनेट, उंच तारांची म्हणून कोणी वाजवत नाही ती, तिला .०१३ चा सेट लावून ओपन डी किंवा ओपन जी करा. दोन्हीत तारा खालीच उतरतात, वर ताणल्या जात नाहीत, त्यामुळं ब्रिजला धोका कमी. माझी ती पहिली काळी गिटार ब्रिज परत चिकटवून आज तेच काम करते.

पहिला पाऊस

छोटा आर्द्रतामापक केसमध्ये टाका. साठ-पासष्टच्या वर गेलं की सिलिका जेलची पाकिटं, रंग बदलला की मंद तव्यावर वाळवून परत. पावसाळ्यात गिटार भिंतीला अडकवून ठेवू नका, विशेषतः पश्चिमेकडच्या भिंतीला. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा खालनं-वरनं पुसा, आपल्याकडं जुलैत तारा पंधरा दिवसांत काळ्या पडतात, कोटिंगवाल्या महाग असल्या तरी पावसात त्याच परवडतात. मार्चात उलट, चाळीसच्या खाली गेलं की साबणाच्या भोक पाडलेल्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून केसमध्ये ठेवा, गिटारीला लागू देऊ नका. उन्हात बंद गाडीत कधीच नाही, चोर्ल्यात चहाला थांबलात तरी गिटार खाली घेऊन उतरा.

भाच्यानं शेवटी ओएमच घेतली, सॉलिड स्प्रूस, महोगनी, ४४.५ ची नेक. मे मध्ये जाड तारेला २.२ मिलीमीटर होती. ऑगस्टात नंदगडहून मोजून सांगितलं, २.८. तेव्हा सॅडल घासायला निघाला होता, मी थांबवलं, कारण पावसात घासलेलं सॅडल उन्हाळ्यात बुटकं पडतं आणि मग नवीन घालावं लागतं. ट्रस रॉड पाव फेरा फिरवून तेवढ्यापुरतं भागवलं. दिवाळीनंतर परत मोजलं तर २.३. म्हणून पहिल्या वर्षी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि मार्च असं चार वेळा १२व्या फ्रेटचं माप वहीत लिहून ठेवा, आणि सॅडलला हात लावायचाच तर नोव्हेंबरचं माप धरून लावा.